‘छोटा चालेल, मोठा नको’ म्हणणाऱ्या सोसायट्यांना खुले पत्र

प्रति,
अध्यक्ष, सचिव आणि कार्यकारिणी सदस्य,
पुणे, पिंपरी-चिंचवड, ठाणे, मुंबई आणि इतर शहरांतल्या सहकारी गृहनिर्माण संस्था

सप्रेम नमस्कार.

आपल्या संस्थांमध्ये एक नियम असा आहे, जो उपविधींच्या पुस्तकात सापडत नाही, नोटीस बोर्डावर लागत नाही आणि सभेच्या इतिवृत्तातही येत नाही. तो तोंडी चालतो. फ्लॅट बघायला आलेल्या कुटुंबाला एजंट सांगतो, गेटवर वॉचमन सांगतो, कधी सेक्रेटरी स्वतः फोन करून सांगतात: ‘कुत्रा आहे का? छोटा असेल तर हरकत नाही. मोठा नको.’

या ‘मोठा नको’बद्दल मला तुमच्याशी बोलायचं आहे.

माझ्या घरी यमू आहे. ग्रेट डेन जातीची मादी, पन्नास किलोच्या आसपास वजन, निवारा केंद्रातून दत्तक आणलेली. तिच्या निमित्ताने या केंद्रांत येणं-जाणं झालं, तिथे काम करणाऱ्यांशी ओळखी झाल्या, आणि एक गोष्ट माझ्या पक्की ध्यानात आली. मोठी कुत्री तिथे वर्षानुवर्षं पडून राहतात, पण त्यांना न्यायला माणसं तयार नाहीत असं मुळीच नाही. माणसं येतात, जीव लावतात, शनिवार-रविवारी येऊन फिरवून आणतात. मग अडतात ती तुमच्या दारात.

दत्तक देण्याची रीत कदाचित तुम्हाला ठाऊक नसेल. आधी अर्ज भरून घेतात. घरात कोण कोण आहे, दिवसभर घरी कोण असतं, लहान मूल आहे का, गावाला गेलात तर कुत्र्याचं काय करणार, आधी कुत्रा पाळला होता का आणि तो कसा गेला, इतकं सगळं विचारतात. मग कोणीतरी घर बघून जातं. बाल्कनीला जाळी आहे ना, फरशी फार गुळगुळीत तर नाही, जिना कसा आहे. घर स्वतःचं की भाड्याचं आणि सोसायटीची हरकत नाही ना, हेही विचारलं जातंच. बाकी सगळ्या प्रश्नांना नीट उत्तरं देणारे कितीतरी लोक इथे येऊन थांबतात. मी त्यांना नावं ठेवणार नाही. घरी आणलेला जीव महिन्याभरात परत सोडून यायची वेळ आली तर त्याचे हाल दुप्पट होतात. परत आलेलं कुत्रं कोपऱ्यात तोंड करून बसतं, खाणं टाकतं. ते पाहिलेला माणूस तसा धोका पत्करत नाही.

म्हणून पग जातात, शिह त्झू जातात, पॉमेरेनियन तर आल्या आठवड्यात जातात. देशी पिल्लांनाही कष्ट केले की घरं मिळतात. मागे राहतात ती रॉटवायलर, डेन, सेंट बर्नार्ड, डोबरमन, एखादा आडव्या हाडाचा लॅब्राडॉर आणि ज्यांच्या आईबापांचा पत्ता नाही अशी मोठाड मिश्र कुत्री. ती तिथेच म्हातारी होतात. डेनचं आयुष्य मुळात सात ते दहा वर्षांचं. त्यातली दोन-तीन वर्षं ‘सोसायटी काय म्हणेल’ या काळजीपायी पिंजऱ्यात गेली तर मागे उरतं काय?

‘एवढं मोठं जनावर फ्लॅटमध्ये पाळायचंच कशाला?’ हा प्रश्न प्रत्येक सभेत निघतो, आणि तो रास्त आहे. त्याचं उत्तर देण्याआधी ही कुत्री केंद्रांत पोचतात कशी, ते ऐका. डेनचं पिल्लू विकलं जातं तेव्हा मांडीवर मावतं. 2017 च्या श्वान प्रजनन आणि विक्री नियमांप्रमाणे ब्रीडरला राज्याच्या पशुकल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. बाजारात मात्र ‘पंचेचाळीस दिवसांचं पिल्लू’ सर्रास मिळतं. वर्षभरात तेच पिल्लू चाळीस-पंचेचाळीस किलोंचं होतं. एवढ्या काळात त्याला पट्ट्याने चालायला कोणी शिकवलेलं नसेल, माणसांची, गाड्यांची, इतर कुत्र्यांची सवय लावली नसेल, तर ते मालकाला रस्त्याने फरफटत नेतं. खाण्याचा खर्च वाढतो, डॉक्टरचं बिल वाढतं, कारण औषधाचा डोस वजनावर ठरतो. मग कोणी ओळखीच्यांच्या फार्महाऊसवर बांधून ठेवतं, कोणी रात्री हायवेला गाडीतून उतरवतं.

असं टाकून देणं हा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, 1960 प्रमाणे गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड किती? दहा ते पन्नास रुपये. कित्येक दशकं ही रक्कम तीच आहे. पार्किंगच्या दंडापेक्षा कमी पैशांत जिवंत प्राणी रस्त्यावर सोडता येतो, याची मला चीड येते, आणि तुम्हालाही यावी असं वाटतं.

यमूची गोष्ट आणखी वेगळी. ती कोणाच्या घरात कधी नव्हतीच. पिल्लं काढण्यासाठी ठेवलेली मादी होती ती. वेत थांबलं, उपयोग संपला, आणि ती रस्त्यावर आली. हे कोणी सांगायची गरज पडली नाही, तिच्या अंगावर लिहिलेलं होतं. पुढच्या दोन्ही कोपरांवर केस उडून गेलेले, तळहाताएवढे राठ घट्टे. सिमेंटवर वर्षानुवर्षं बसून झालेले. आचळं लोंबलेली. मानेभोवती साखळीची बिनकेसांची रेघ. घरी आणल्यावर तिच्यासाठी जाड गादी टाकली, तर ती गादीच्या शेजारी फरशीवर बसली. गादी आपल्यासाठी असू शकते हे तिच्या गावीही नव्हतं. हळूहळू एक पाय गादीवर आला, मग दोन, मग एका दुपारी बघते तर अख्खी आडवी, तोंड उघडं टाकून घोरतेय. घट्ट्यांना रोज खोबरेल तेल लावते. आता मऊ झालेत, गेलेले मात्र नाहीत.

आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर. कुत्रं फ्लॅटमध्ये राहू शकतं की नाही हे वजनावर ठरत नाही. ग्रेट डेन दिवसाचा मोठा भाग झोपून काढतो. सकाळ-संध्याकाळ नीट फिरवून आणलं की घरात तो आहे की नाही कळतही नाही. उलट बीगल किंवा जॅक रसेलसारखं छोटं, पण अंगात रग असलेलं कुत्रं मोकळं सोडलं नाही तर घर डोक्यावर घेतं. सेंट बर्नार्ड आणि हस्कीबद्दल मात्र मी स्पष्ट बोलेन. आल्प्सच्या आणि सायबेरियाच्या बर्फातली ही कुत्री पुण्या-नागपूरच्या उन्हात विकत आणणं चूक आहे, ती आणूच नयेत. पण जे आधीच इथे जन्मलं, आणि टाकूनही दिलं गेलं, त्याला थंड फरशी आणि कूलर असलेलं घर मिळत असेल तर ते घर त्याच्यापासून हिरावून तुमचं काय साधणार?

आणि मोठं कुत्रं आपल्या लोकांना नवीन कुठे आहे? तुमच्यातल्या बऱ्याच जणांच्या गावच्या शेतवस्तीवर राखणीला दांडगी कुत्रीच होती. लातूर, सोलापूरकडच्यांनी उंच, सडपातळ कारवानी लहानपणापासून पाहिलेली असतात. त्यांच्या अंगाखांद्यावर खेळून तुम्ही मोठे झालात. तेव्हा कोणी वजनकाटा आणला नव्हता.

कायद्याचंही थोडं बोलावं लागेल. धमकी म्हणून सांगत नाही. मला तुमच्याशी उपनिबंधकांच्या कार्यालयात भांडायचं नाही. पण माहिती असावी. भारतीय पशुकल्याण मंडळाने फेब्रुवारी 2015 मध्ये निवासी संस्थांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. सर्व सभासदांचं एकमत झालं तरी पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही, असं त्यांत म्हटलं आहे. लहान कुत्री चालतील, मोठी चालणार नाहीत, असा भेद करता येत नाही. लिफ्ट बंद करता येत नाही, तिच्यासाठी जादा पैसे आकारता येत नाहीत. तोंडाला जाळी बांधाच असा आग्रह धरता येत नाही. पट्टा लावावा, असा सल्ला मात्र मालकांना दिलेला आहे. संविधानाच्या अनुच्छेद 51क मध्ये प्राणिमात्रांविषयी दया बाळगणं हे नागरिकाचं मूलभूत कर्तव्य सांगितलं आहे. दुसऱ्या बाजूने, कायदा मालकालाही मोकळा सोडत नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम 291 प्रमाणे आपल्या ताब्यातल्या प्राण्यापासून माणसाला इजा होऊ नये याची पुरेशी काळजी न घेणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. हे कलम मला मान्य आहे. ते कडकपणे लावा.

तुमच्या भीतीबद्दल लिहिलं नाही तर हे पत्र अपुरं राहील. जुलै 2022 मध्ये लखनौत घरच्याच पिटबुलने वृद्ध मालकिणीचा जीव घेतला. अशी बातमी वाचलेल्या आईने लिफ्टमध्ये यमूला पाहून मुलाला मागे ओढलं, तर ती काही चुकीचं वागत नाही. तिच्या जागी मी असते तर मीही ओढलं असतं. मोठं कुत्रं चावलं तर इजा मोठी होते, हे खरं आहे, आणि ज्याच्या घरी मोठं कुत्रं आहे त्याने ते कधीच नाकारू नये.

पण या भीतीवर उपाय काय? मार्च 2024 मध्ये केंद्राच्या पशुसंवर्धन विभागाने 23 ‘हिंस्र’ जातींची यादी करून त्यांच्यावर बंदी घालायला राज्यांना सांगितलं. एप्रिलमध्ये आधी कर्नाटक आणि मग दिल्ली उच्च न्यायालयाने ते परिपत्रक रद्द केलं. परिपत्रक गेलं, पण यादी लोकांच्या डोक्यात राहिली, आणि यादीतल्या जातीचं शांत कुत्रं बाळगणाऱ्या घरांकडेही शेजारी संशयाने बघू लागले. जातीवरून आणि आकारावरून धोका मोजण्यातली अडचण अशी की कुत्रं ज्या कारणांनी चावतं ती कारणं त्यातून निसटतात. दिवसभर साखळीला बांधलेलं, कधीच माणसांत न आणलेलं, दुखणं अंगावर काढणारं, जेवताना छेडलेलं, झोपेतून दचकलेलं, पिल्लांजवळ असलेली आई. कारणं ही असतात, आणि यातलं प्रत्येक कारण छोट्या कुत्र्यालाही लागू पडतं.

इथे दत्तक आणलेल्या प्रौढ कुत्र्याची एक बाजू तुम्ही लक्षात घ्यावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे. पिल्लाचा स्वभाव हा अंदाज असतो. चार-पाच वर्षांच्या कुत्र्याचा स्वभाव समोर दिसतो. केंद्रातल्या लोकांनी त्याला अनोळखी पुरुषांजवळ, मुलांजवळ, दुसऱ्या कुत्र्यांजवळ, मांजरांजवळ पाहिलेलं असतं. जेवणाच्या भांड्याला हात लावला तर ते काय करतं हे त्यांना माहीत असतं. जबाबदार केंद्र चावरं कुत्रं फ्लॅटमध्ये देतच नाही. तेव्हा तुम्हाला विचारायचंच असेल तर जात आणि वजन विचारू नका. केंद्राकडून स्वभावाचं टिपण मागा. नसबंदी झाली का, रेबीजची लस कधीची, ट्रेनरकडे गेलं होतं का, हे विचारा. ही माहिती द्यायला कोणताही सच्चा पालक कांकूं करणार नाही. जो करेल त्याच्याबद्दल शंका घ्यायला तुम्ही मोकळे आहात.

लिफ्टबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण सगळ्यात जास्त वाद तिथेच होतात. ‘कुत्रा जिन्याने न्या’ ही पाटी लावणाऱ्याला ती साधी सोय वाटते. पण मोठ्या कुत्र्यांचे खुबे आणि गुडघे वयाबरोबर लवकर झिजतात. सहाव्या मजल्यावरून दिवसातून तीनदा जिना चढ-उतार म्हणजे त्याचं चालणं दोन वर्षं आधी बंद करणं. त्याहून गंभीर गोष्ट पोटाची. खोल छातीच्या मोठ्या कुत्र्यांत पोट वायूने फुगून त्याला पीळ पडण्याचा आजार होतो, आणि ग्रेट डेनमध्ये तो फार आढळतो. कुत्रं अस्वस्थ फिरत राहतं, ओकाऱ्या काढतं पण बाहेर काही पडत नाही, पोट ढोलासारखं ताठ लागतं. तिथून पुढे हाताशी काही तासच असतात. ऑपरेशन झालं नाही तर ते दगावतं. अशा वेळी पन्नास किलोंचं तडफडणारं जनावर चादरीची झोळी करून दोन माणसांनी जिन्याने सहा मजले उतरवायचं का? म्हणून आम्ही तिला एका वेळी भरपेट घालत नाही, दोन-तीनदा थोडं थोडं घालतो, जेवणानंतर तासभर तरी पळू देत नाही. आमच्या हातात आहे ते आम्ही करतो. लिफ्टची चावी तुमच्या हातात आहे.

लिफ्टमध्ये कसं वागायचं ते आम्हाला सांगा, आम्ही वागू. आत कोणी असेल तर आम्ही पुढची लिफ्ट घेतो. कोणी आत येणार असेल तर आधी विचारतो, ‘येताय की आम्ही उतरू?’ यमू मागच्या कोपऱ्यात बसते, तिच्या आणि दाराच्या मध्ये मी उभी असते, पट्टा हाताला दोन वेढे देऊन आखूड धरलेला. शाळेच्या बसच्या वेळेला आम्ही खालीच उतरत नाही. आवारात ती कधीही पट्ट्याशिवाय नसते. तिची घाण मी उचलते, पावसातही, अंधारातही. महापालिकेचं लायसन्स आणि लसीकरणाचं कार्ड फाइलला लावलेलं आहे. मोठं कुत्रं पाळणाऱ्या प्रत्येकाने एवढं केलंच पाहिजे, आणि जो करत नाही त्याला लेखी समज द्या. मी तुमच्या बाजूने उभी राहीन. पट्टा सोडून डोबरमन पळवणारा एक बेफिकीर मालक आमच्यासारख्या पन्नास जणांची वाट बंद करतो.

थोडी मुदतही मागते. निवारा केंद्रांतले लोक तीन-तीन-तीन म्हणतात. आलेलं कुत्रं पहिले तीन दिवस भांबावलेलं असतं, तीन आठवड्यांत घरची घडी ओळखू लागतं, तीन महिन्यांत ते आपलं घर आहे हे त्याला पटतं. ठोकताळा आहे, प्रत्येकाचं वेगळं असतं. पण पहिल्या आठवड्यात रात्री ते भुंकलं, रडलं, लिफ्टच्या आवाजाला बिचकलं, तर लगेच तक्रार अर्ज लिहू नका. दार वाजवून विचारा. गणपतीत ढोल-ताशा आणि दिवाळीत ॲटमबॉम्ब यांनी एवढं धिप्पाड जनावरही बाथरूममध्ये जाऊन लपतं, आणि गेट उघडं असेल तर वाट फुटेल तिकडे धावत सुटतं. त्या दिवसांत गेट लावून घ्यायला वॉचमनना सांगितलंत तर तुमचे उपकार होतील.

मुलांना शिकवा, हीही विनंती आहे. कुत्र्याकडे धावत जायचं नाही, त्याच्यापासून पळायचंही नाही. डोळ्यांत रोखून बघायचं नाही. आधी मालकाला विचारायचं, बाजूला उभं राहायचं, कुत्र्याला वास घेऊ द्यायचा आणि मग डोक्यावर न थोपटता छातीला हात लावायचा. आमच्या मजल्यावरच्या मुलांना हे आता पाठ आहे. शेजारच्या आजींना गुडघेदुखीमुळे वाकता येत नाही. यमूला वाकावं लागतच नाही, तिचं डोकं सरळ त्यांच्या हाताखाली येतं. मग ती सगळा भार त्यांच्या खुर्चीवर टाकून टेकते आणि आजी तिच्याशी माहेरच्या गप्पा मारतात. डेनना असं माणसाला टेकून उभं राहायची सवयच असते.

शेवटी भाडेकरूंचं. घरमालक असलेल्या माणसाला तुम्ही सहसा थेट नाही म्हणत नाही, कारण तो सभेत प्रश्न विचारू शकतो. भाडेकरूला म्हणता. अकरा महिन्यांच्या करारावर राहणाऱ्या तरुण जोडप्यांत, एकट्या राहणाऱ्या बायकांमध्ये मोठं कुत्रं दत्तक घ्यायची तयारी असलेली खूप माणसं मला भेटली आहेत. त्यांना केंद्रातून फोन येतो, ‘तुमचा अर्ज मंजूर आहे,’ आणि ते म्हणतात, ‘सोसायटीत विचारून सांगतो.’ पुढे त्यांचा फोन येत नाही. ना हरकत पत्राची एक ओळ, ‘सदर भाडेकरूने नियमांचे पालन करून पाळीव कुत्रा ठेवण्यास संस्थेची हरकत नाही,’ एवढी लिहून द्यायला संस्थेला काही खर्च येत नाही.

वार्षिक सर्वसाधारण सभा तुम्हाला 30 सप्टेंबरपर्यंत घ्यावीच लागते. तिच्या विषयपत्रिकेवर पाळीव प्राण्यांचं लेखी धोरण हा विषय घ्या. त्यात पट्टा, स्वच्छता, लायसन्स, लस, नसबंदी, लिफ्टमधलं वागणं, तक्रार आली तर आधी समक्ष बोलणं, सगळं घाला. कडक घाला. आकाराची आणि जातीची अट मात्र घालू नका, आणि तोंडी चालत असेल तर ती बंद झाल्याचं वॉचमन आणि एजंटांना कळवा. दत्तक घेऊ इच्छिणाऱ्या कुटुंबाबद्दल शंका असेल तर कुत्रं घरी येण्याआधी एकदा आवारात त्याची गाठ घालून द्या. दोन सभासद, केंद्राचा एक माणूस, अर्धा तास. बघून ठरवा.

पुण्यातल्या ज्या संस्थेला या सभेआधी मोठं कुत्रं जवळून बघायचं असेल, तिने बोलावलं तर मी यमूला घेऊन येईन. रविवारी सकाळी नऊच्या आत सोयीचं पडेल, त्यानंतर तिला ऊन सोसत नाही.

आपली नम्र,
एका गृहनिर्माण संस्थेची सभासद आणि यमूची पालक
पुणे